मेक्सिकोची पावडर, माईंची पडवी

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या किनाऱ्यावरच्या कित्येक घरांतला एखादा तरी माणूस बोटीवर असतो. तो सुट्टीवर आला की बॅगेतून काय काय निघतं ते तुम्हाला सांगायला नको. पूर्वी सेंटच्या बाटल्या निघायच्या, चॉकलेटं निघायची. आता कपडे धुवायची पावडर निघते. हसू नका, खरंच निघते. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर मान्सानियो नावाचं मोठं कंटेनर बंदर आहे. तिथे बोट लागली, बाजारात उतरायला मिळालं, की आपली मुलं तिथली पावडर उचलतात. एकतर स्वस्त, आणि वास असा की बॅगेतले बाकीचे कपडेसुद्धा महिनाभर घमघमतात.

नावं सांगते, म्हणजे घरात पिशवी असेल तर ओळखता येईल. एक फोका. तिच्या पिशवीवर सील माशाचं चित्र असतं. मासा म्हणायचं आपलं, तो सस्तन प्राणी. दुसरी रोमा. तिसरी ब्लांका निएवेस. आणि एक गुलाबी, चांगला विटेएवढा साबण येतो, त्याचं नाव सोते. ही चारही भावंडं एकाच कारखान्याची, ला कोरोना साबण कारखान्याची, आणि तो कारखाना 1920 सालचा. शिवाय मेक्सिकोत एरियलही मिळतं. आपल्याकडेही एरियल मिळतं. पण नाव तेच म्हणजे आतला माल तोच, असं धरून चालू नका. कंपन्या देश बघून, तिथलं पाणी बघून, तिथली धुवायची पद्धत बघून माल बनवतात.

आता आजचा मुद्दा. हा मुद्दा मी दोन-तीनदा सांगणार आहे, कारण तुमच्यातल्या निम्म्या जणींचं लक्ष कुकरच्या शिट्टीकडे आहे. मुद्दा असा: फेस म्हणजे धुणं नव्हे. फेस आला म्हणजे कपडा स्वच्छ झाला असं नव्हे. मळ काढणारा पदार्थ वेगळा, फेस हा त्याच्याबरोबर येणारा पाहुणा. आला तर डोळ्यांना बरं वाटतं, नाही आला तरी धुणं होतं.

पण आपल्याला फेस लागतो. आणि मेक्सिकोच्या माणसालाही लागतो, कारण त्याच्या घरीही आपल्यासारखाच धुण्याचा दगड असतो. तिकडे त्याला लावादेरो म्हणतात. सिमेंटचा किंवा दगडाचा, वर आडव्या रेघा कोरलेल्या, आणि शेजारी पाण्याची टाकी. कपडा त्या रेघांवर घासायचा, टाकीतलं पाणी मारायचं. अशा हातधुण्याला फेसाळ पावडर बरी पडते. हाताला फेस लागला की कुठे घासून झालं, कुठे राहिलं, ते कळतं. दगडावर फेस कामाचा आहे, हे मी नाकारत नाही. भांडण मशीनशी आहे. तेही सगळ्या मशीनशी नाही, समोरून काचेचं दार असलेल्या मशीनशी.

हे कसं ते समजावण्यापेक्षा आमच्या शेजारच्या माईंच्या पडवीत काय झालं तेच सांगते.

माईंचं घर देवगडच्या अलीकडे, आमच्या वाडीतच. वय पंचाहत्तरीच्या पुढे, पण कान असे की रहाटाचा आवाज ऐकून सांगतील, विहिरीवर कोणाची सून आहे. थोरला बोटीवर, धाकटा मुंबईला. धाकट्याने आईला सुख म्हणून फ्रंट लोड मशीन पाठवलं. या मुंबईकर मुलांचं एक मला कळत नाही. मशीन पाठवतात, पण टाकी किती उंचावर आहे, नळाला दाब किती येतो, याची चौकशी करत नाहीत. मग महिनाभर मशीन पडवीत उभं, वर लेसचं कव्हर, कव्हरवर फुलदाणी. आमच्याकडे अर्ध्या मशीनांचा संसार असाच सुरू होतो. असो. माईंनी टाकी वर चढवून घेतली आणि मशीन सुरू झालं. सांडपाण्याची नळी पडवीच्या गडग्यावरून खाली, माडाच्या आळ्यात सोडलेली.

गणपतीच्या आधीचा आठवडा. चाकरमानी येणार म्हणून घरातल्या झाडून सगळ्या चादरी धुवायला काढलेल्या. त्याच वेळी थोरला बोटीवरून उतरून घरी आलेला, फोकाच्या पिशव्या आणि तो गुलाबी साबण घेऊन. वहिनींनी चादरी मशीनमध्ये भरल्या आणि पावडरीच्या खणात एक माप घातलं. नेहमीचंच माप. त्या आत गेल्या. माई आल्या, त्यांनी खण ओढून पाहिला आणि म्हणाल्या, "इतकीशीच? पाव्हणे येतले, चादरी पांढऱ्याफेक होवक व्हयत." घातली मूठभर. त्या वळल्या, तेवढ्यात थोरला आला. त्याला आपण आणलेल्या मालाचा अभिमान. घरभर वास सुटला पाहिजे म्हणून त्याने एक माप वरून ओतलं आणि बटण दाबलं. तिघांपैकी कोणी कोणाला सांगितलं नाही. आपल्या घरांत चांगली कामं अशी गुपचूपच होतात.

मी तेव्हा त्यांच्याच ओटीवर तांदूळ निवडत बसले होते. पहिली पाच-दहा मिनिटं सगळं ठीक. धप्, धप्, धप्. फ्रंट लोडचा तो आवाज तुम्ही ऐकला असेल. ड्रम कपडे वर उचलतो आणि खाली टाकतो. थोड्याशा पाण्यात ते मशीन तेवढ्याच जोरावर धुतं, आपटून. मग तो आवाज हळूहळू मऊ झाला. मग बंदच झाला. ड्रम फिरतोय, मोटार घुंग् घुंग् करतेय, पण धप् नाही. आम्ही कोणीच लक्ष दिलं नाही. माई मात्र नारळ सोलता सोलता थांबल्या. म्हणाल्या, "अगो, आपटल्याचो आवाज बंद झालो. कपडे आपटतत खय?"

श्रोतेहो, हे त्या बाईचं निदान! कंपनीचा शिकलेला माणूस आला असता तर त्याने आधी झाकण उघडलं असतं. माईंनी जन्मभर दगडावर कपडे आपटले, त्यामुळे आपटणं थांबलं की धुणं थांबलं, हे त्यांना कानाने कळलं. आणि तसंच झालं होतं. काचेतून पाहिलं तर आत पांढरंशुभ्र. चादर नाही, पाणी नाही, नुसता फेस. चादर वरून पडायची ती फेसावर, तळाशी पोचायचीच नाही. फेसाने धुणंच थांबवलं होतं. मी म्हटलं ना, फेस म्हणजे धुणं नव्हे.

पुढे मशीनने पाणी बाहेर टाकायला घेतलं. पण पंपाला पाणी ढकलता येतं, फेस कसा ढकलणार? थोडा फेस नळीतून माडाच्या आळ्यात गेला, उरलेला पावडरीच्या खणातून बाहेर यायला लागला. आधी ओघळ, मग लोट. पडवीची फरशी दिसेनाशी झाली. कोंबड्या आधी पळाल्या, मग परत येऊन चोच मारून बघायला लागल्या. शेजारची पोरं जमली, हातावर फेस घेऊन दाढ्या मिशा लावायला लागली. मशीनच्या पाटीवर अठरा मिनिटं उरल्याचा आकडा होता, तो अठरावरच बसला. मशीन बिचारं आपण होऊन आणखी पाणी घेई, आणखी खळबळे, आणखी फेस करी. आणि नेमके त्याच वेळी पूजेची वेळ ठरवायला भटजी मागच्या दाराने आले. त्यांनी धोतर गुडघ्यापर्यंत उचललं आणि गडग्यापलीकडूनच विचारलं, "माई, आज काय आहे तुमच्याकडे?"

वहिनी म्हणतात बटण बंद करा, थोरला म्हणतो दार उघडा. दार उघडेना, कारण आत पाणी असलं की ते कुलूप सुटत नाही, आणि ते बरंच आहे. माईंनी तर सोलांच्या आगळाची बरणी आणायला नातवाला पिटाळलं. आगळ घातलं की फेस बसतो म्हणे. मी आडवी गेले, नाहीतर पांढऱ्या चादरी त्या वर्षी लाल झाल्या असत्या.

आणि मग लाईट गेली.

एरवी लाईट गेली की आपण काय काय बोलतो ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही. त्या दिवशी कोणी काही बोललं नाही. मशीन थांबलं, ड्रम थांबला, सगळं शांत. तासाभराने लाईट आली तेव्हा काचेत फेस निम्म्यावर होता, चादरी दिसायला लागल्या होत्या. फेसाला ढवळणं थांबलं की तो आपोआप बसतो, त्याला दुसरं औषध लागत नाही. माई म्हणाल्या, "लाईट गेली ती बरी झाली." हे वाक्य आमच्या वाडीत पहिल्यांदाच कोणीतरी बोललं.

मग पावडर न घालता नुसत्या पाण्यावर पुन्हा पुन्हा मशीन फिरवलं. चादरी सुटल्या. दुसऱ्या दिवशी माईंनी थोरल्याचा बोटीवरचा बॉयलर सूट आणि त्याच पिशवीतली चमचाभर पावडर घेतली आणि विहिरीवरच्या दगडावर बसल्या. ग्रीस निघालं, सूट स्वच्छ. मला म्हणाल्या, "ही पावडर मशीनीची नाय. ही माझ्या दगडाची."

हे सांगण्यात पुष्कळ वेळ गेला, त्यामुळे आता स्टुडिओच्या समोरच्या काचेतून मला वेळेची खूण होतेय. उरलेलं भराभर सांगते.

गणपतीच्या दिवसांत हे असं होण्याला आणखी एक कारण आहे. पावसाने विहिरी भरलेल्या असतात, पाणी मऊ असतं. मऊ पाण्यात फेस जास्त. खाडीकाठच्या विहिरींचं मचूळ पाणी असेल तर तीच पावडर निम्मा फेस करील. म्हणजे उन्हाळ्यात चाललेलं माप पावसात चालत नाही. पुन्हा सांगते, उन्हाळ्याचं माप पावसात नको.

तुमच्याकडे सेमी ऑटोमॅटिक असेल, दोन टब असलेलं, तर खुशाल वापरा. त्याचं झाकण उघडून बघता येतं, पाणी भरपूर असतं, फेस वर आला तर हाताने काढता येतो. एका धुण्याला चहाचा एक चमचा घालून बघा, कमी वाटलं तर दुसरा. वरून झाकण असलेल्या मशीनलाही थोडक्यात चालतं. फ्रंट लोडला मात्र पिशवीवर एच आणि ई अशी दोन इंग्रजी अक्षरं शोधा, ती कमी फेसाची खूण. ती नसली तर पिशवी दगडावर न्या. आपल्याकडच्या फ्रंट लोड मॅटिक लिहिलेल्या पावडरींत फेस दाबायचं औषध आधीच घातलेलं असतं, म्हणून त्या तिथे चालतात.

वासाबद्दल माझं एक मत आहे, कोणाला पटो न पटो. उन्हात वाळलेल्या कपड्याला वासाची गरज नाही. पावसाळ्यात पडवीत दोरीवर चार दिवस लोंबकळलेल्या कपड्याला कुबट वास येतो, तो सेंटाने झाकला की कुबट सेंट होतो. त्यापेक्षा थोडे कपडे धुवा आणि पंख्याखाली पसरून घाला.

डागांचंही ऐका. काजूच्या बोंडूचा डाग मेक्सिकोच्या पावडरीने जात नाही, जपानच्याही जाणार नाही. फणसाच्या चिकाला आधी खोबरेल. मासळीच्या कपड्यांना पहिलं पाणी थंडच घ्या, गरम पाण्याने रक्त कापडात बसतं.

राहिला गुलाबी सोते. तो चांगला साबण आहे, कॉलर घासायला फार उत्तम. पण त्यात खोबरेलाबरोबर जनावरांची चरबी असते. ज्यांना सोवळ्याचं बघायचं असतं त्यांनी पूजेच्या कपड्यांना तो लावू नये. माईंनी हे कळल्यावर तो घरात घेतलाच नाही, खळ्यातल्या कोनाड्यात ठेवला. थोरल्याने मग सांगितलं की अमेरिकेत नदीवरचे लोक याच साबणाचे तुकडे गळाला लावून मिशीवाले मासे धरतात. हे खरं आहे, चरबीच्या वासाने ते मासे येतात. झालं, आमच्या वाडीतली पोरं दुसऱ्या दिवशी खाडीवर शिंगाळे धरायला गेली. साबण निम्मा संपला. शिंगाळा एकही आला नाही, पण पोरांचे हात मात्र कधी नव्हे इतके स्वच्छ होते.

नमस्कार.