जात्याभोवती घडलेला कान

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

लहानपणी कानावर पडलेल्या संगीताने माझी आवड कशी घडवली याविषयी मी बोलावे, असे या वाचनालयाच्या मंडळींनी मला सुचवले. अशा वेळी बोलणारा माणूस प्रथम गुरूंची नावे सांगतो, आणि ते योग्यही आहे. परंतु माझी आवड कोणत्याही गुरूसमोर बसण्यापूर्वीच बरीचशी ठरून गेली होती. ती ठरली खानदेशातल्या साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठच्या आमच्या गावी, पहाटेच्या अंधारात जाते फिरत असताना.

कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी आणि उडीद एकत्र दळायचे असत. माय आणि आजी समोरासमोर बसत, दोघींचे हात एकाच खुंट्यावर असत आणि आजी मधूनमधून मुठीने धान्याची वैरण घाली. ओवी आजी उचलायची, माय ती झेलायची. ग्रंथातील ओवीला यमकाने बांधलेले तीन चरण आणि चौथा आखूड चरण असतो. जात्यावरची ओवी बहुतेक दोनच ओळींची आणि तिच्यात अक्षरांची मोजणी सैल असते. ओळ आखूड पडली तर एखादे अक्षर लांबते, नाहीतर ‘गं’ किंवा ‘बाई’ येऊन जागा भरून काढते; ओळ लांब झाली तर तीच अक्षरे दाटीवाटीने बसतात. हे लांबणे आणि दाटणे मनमानी नसते, कारण खुंटा छातीकडे येताना दम आत जातो, खुंटा पुढे ढकलला जाताना तो सुटतो, आणि सूर त्या सुटणाऱ्या दमावरच बसलेला असतो. त्या ओवीची लय टाळीने मोजता येत नाही. ती दगडाच्या फेऱ्याची लय आहे आणि धान्य जाड पडले की ती मंदावते. पुढे मैफलीत बसू लागल्यावर कोणता गायक मला आवडतो आणि कोणता आवडत नाही, याचा निवाडा माझ्या कानाने नेहमी याच एका खुणेवर केला: या माणसाचा सूर त्याच्या दमातून निघाला आहे, की दमावर वरून ठेवलेला आहे?

बहिणाबाई चौधरींविषयी इथे बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. १८८० साली आसोद्याला जन्मलेल्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची रचना घरच्यांनी टिपून ठेवली आणि १९५१ साली त्या गेल्यानंतर, १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. त्यांची बोली लेवा वळणाची, आमच्या पश्चिमेकडच्या अहिराणीहून वेगळी; बहिणाबाई जात्याला घरोट म्हणतात. आपण त्यांच्या विचारांचे कौतुक करतो आणि ते करावेच. तरीही मला नेहमी वाटते की, त्यांच्या ओळी डोळ्यांनी वाचल्या तर अर्ध्याच कळतात. शाळेत त्यांची कविता शिकत असताना वर्गात मी ती नकळत डोलत म्हणू लागलो, कारण हात नसले तरी खांदे ती लय ओळखत होते.

मुलींची गुलाबाईची गाणी भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत रोज संध्याकाळी ऐकू येत. चार-पाच सुरांत फिरणाऱ्या चाली, टिपऱ्यांचा ठेका आणि शेवटी डब्यातला खाऊ ओळखण्याची घाई, असा तो थाट असे. श्रावणात कानबाई देवी बसली की रात्रभर बायका अहिराणी गाणी म्हणत आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत तिला नदीवर नेत. या दोन्हींतून मला समूहाच्या सुराची चटक लागली. चाळीस गळ्यांत एखादा गळा किंचित उतरलेला असतो आणि त्यानेच तो आवाज भरदार होतो.

मार्गशीर्षातील डोंगऱ्यादेवाविषयी मात्र मला सावकाश बोलायचे आहे. पिंपळनेरच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या गावांतून कोकणा आणि भिल्ल मंडळी हे व्रत धरतात. व्रत करणाऱ्याला माउली म्हणतात. पौर्णिमेपर्यंत माउल्या नेमाने राहतात, रात्री रिंगण धरून नाचतात आणि अखेरीस गडावर जातात. त्या रिंगणाला पावरी लागते. वाळलेला भोपळा, त्याला बसवलेल्या बांबूच्या नळ्या आणि टोकाला शिंग, असे हे वाद्य. वाजवणारा नाकाने दम घेत राहतो आणि गालातली हवा पुढे ढकलत राहतो, त्यामुळे फुंक तुटत नाही. सात-आठ वर्षांचा असताना वडिलांच्या खांद्यावर बसून मी ते पहिल्यांदा पाहिले. वाजवणाऱ्याचे गाल फुगलेले, डोळे मिटलेले, आणि सूर थांबतच नाही! घरी जात्यापाशी ऐकलेला दम येत-जात होता. इथे तो कुठेच संपत नव्हता. सूर अखंड असू शकतो ही कल्पना मला तानपुऱ्याने दिली नाही, पावरीने दिली. तानपुरा मी त्यानंतर दहा वर्षांनी पाहिला.

रेडिओने जग मोठे केले. बुधवारी रात्री आठ वाजता सिलोनवरची गीतमाला लागे आणि शेजारच्या ओट्यावर सारी गल्ली जमे. तिचे निवेदक अमीन सयानी यांचा आवाज मला गाण्यांइतकाच प्रिय होता. त्या गाण्यांवर मी मनापासून प्रेम केले, पण ती आवड सगळ्या देशाची होती.

तालुक्याच्या गावी पेटी शिकायला गेलो तेव्हा माझ्या शिक्षकांनी मला सुरांची नावे दिली. त्यांचे ते ऋण मोठे आहे. पण मायची ओवी पेटीवर काढताना तिचा गंधार, म्हणजे सप्तकातला तिसरा सूर, कुठल्याच पट्टीवर सापडेना. तो कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी होता. शिक्षक म्हणाले की बायका बेसूर म्हणतात, ते गाणे नव्हे. मला ते फार लागले. पेटीच्या ठरीव पट्ट्यांत मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणे, निघत नाही, श्रुतींचे, म्हणजे सुरांमधल्या सूक्ष्म अंतरांचे, बारकावे निसटतात, अशा आक्षेपांवरून आकाशवाणीने १९४० पासून पुढे तीस वर्षे पेटीला दूर ठेवले होते, हे मी कितीतरी नंतर वाचले आणि त्या दिवशी मायची बाजू मांडता आली नाही याची हळहळ पुन्हा जागी झाली.

ती बाजू माझ्यासाठी कुमार गंधर्वांनी मांडली. क्षयाने आजारी असलेले कुमारजी १९४८ च्या आरंभी देवासला येऊन राहिले. गाणे बंद, अंथरुणावर पडून राहणे, आणि कानावर येत होत्या त्या माळव्यातील बायकांच्या चाली. त्या चालींतून त्यांनी पुढे मालवतीसारखे धुनउगम राग घडवले. राग लोकधुनेतूनच उगवतात, असे त्यांचे म्हणणे होते. माळवा आमच्यापासून फार दूर नाही, सातपुडा ओलांडला की नर्मदेपलीकडे तोच लागतो. त्यांची माळवी गाणी मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा शब्द परके होते, पण आखूड फेकीचा तो सूर आणि ओळीच्या शेवटी सुटणारा दम मला पाठ होता. हे गाणे आमच्या घरचे आहे, असे मी बायकोला म्हणालो आणि मला रडू आले.

त्यानंतर गावी गेलो तो ध्वनिमुद्रक घेऊनच. आजी राहिली नव्हती. मायला ओव्या म्हणायला सांगितल्या तर तिला दोनसुद्धा आठवेनात. गावात पिठाची गिरणी येऊन बरीच वर्षे झाली होती. शेवटी मागच्या पडवीतले जाते पुसून आणले, मूठभर ज्वारी घातली आणि तिने खुंट्याला हात घातला. तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला ओवी आली, तिच्या मागून दुसरी आली. त्या फितीवर नऊ ओव्या आहेत. जात्याची घरघर शब्दांवर चढते म्हणून ती काढून टाकावी, असे एका जाणकार मित्राने सुचवले. मी ती काढू दिली नाही. नवव्या ओवीनंतर माय बराच वेळ नुसतेच जाते ओढते, शब्द काहीच नाहीत, तिचा दम तेवढा ऐकू येतो. तो भागही मी तसाच ठेवला आहे.