सेल, साचा आणि दिवेलागणीचा उजेड

नमस्कार श्रोतेहो. ज्या घरातलं लेकरू कमी ऐकतं आणि त्याला दिसतंही कमी, त्या घराशी आज बोलायचं आहे. असं मूल तुमच्या शेजारी, अंगणवाडीत किंवा वर्गात असेल, तर तुमच्याशीही. जवळ कागद-पेन असू द्या, एक-दोन गोष्टी टिपून घ्याव्या लागतील.

नजर चांगली असलेलं मूल कानाच्या मशीनचा सेल संपला तरी वेळ मारून नेतं. ओठ बघतं, इतर पोरं वही काढतात तशी वही काढतं. त्यामुळे बिघाड दुपारपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. ज्याची नजरही अधू आहे, त्याला ही पळवाट नसते. सेल संपला की त्याचा त्या दिवसाचा वर्ग संपला. म्हणून या मुलाचं मशीन रोज सकाळी, शाळेआधी, पाच मिनिटं तपासायचंच.

आधी मशीन सुरू करून मुठीत धरा. शिट्टी वाजली तर मशीन चालू आहे. काहीच आवाज नाही आला तर सेल बदला. कानामागच्या मशीनला बहुधा 13 किंवा 675 नंबरचा सेल लागतो. 13 च्या सेलवर नारिंगी स्टिकर असतं, 675 वर निळं. तुमचा नंबर कोणता ते मशीनच्या डबीवर लिहून ठेवा, दुकानात तोच विचारतात. हे सेल हवेवर चालतात. स्टिकर काढल्यावर लगेच बसवू नका, एक-दोन मिनिटं उघडा ठेवा, हवा आत जाऊ द्या, मग बसवा. एकदा स्टिकर काढलं की ते परत चिकटवून सेल टिकत नाही. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात भुसावळ-जळगावला हवा इतकी कोरडी तापते की उघडलेला सेल आतून लवकर सुकतो. जादा सेल घरातल्या थंड, कोरड्या जागी ठेवा. फ्रिजमध्ये नको आणि माठाजवळही नको, ओल बाधते.

सेल औषधासारखे कुलपात ठेवा. मुलाने सेल गिळला, किंवा नाकात-कानात घातला, तर उलटी करवू नका, थेंब टाकू नका, ताबडतोब दवाखाना गाठा. संध्याकाळपर्यंत वाट बघायची नाही.

आता साचा. कानात बसणारा मऊ भाग तो साचा. लेकराचा कान वाढतो, साचा वाढत नाही. फट पडली की आवाज बाहेर गळतो आणि मशीन कानातच शिट्टी वाजवायला लागतं. घरचे मग आवाज कमी करतात. शिट्टी थांबते, पण मुलाला ऐकू येणंही थांबतं. साचा नवा करणं हाच त्यावर उपाय. शाळकरी मुलाचा साचा वर्षातून निदान एकदा, लहान मुलाचा दर तीन ते सहा महिन्यांनी, आणि तान्ह्याचा त्याहूनही लवकर बदलावा लागतो. साच्याला जोडलेली नळी पिवळी पडून कडक झाली, चिरली, तरी हाच त्रास होतो. साचा धुताना तो मशीनपासून सोडवा, कोमट पाण्यात थोडा साबण घालून धुवा, आणि नळीतला पाण्याचा थेंब फुंकणीने किंवा छोट्या ब्लोअरने काढा. हा एक थेंब राहिला तरी आवाज अडतो. मशीनला पाणी लावायचं नाही. पावसाळ्यात आणि घामाच्या दिवसांत रात्री मशीन घट्ट झाकणाच्या डबीत, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. सेल मात्र बाहेर काढून ठेवा, नाहीतर तोही सुकतो. पुडीचा रंग बदलला की पुडी बदला. मुलाच्या हाती ती जाऊ देऊ नका.

मशीन लावलं की ऐकण्याची तपासणी करा. मुलाच्या मागे एक मीटरवर उभे राहा. फार जवळ गेलात तर तुमचा श्वास मानेला लागतो आणि मूल त्यावरून ओळखतं. साध्या आवाजात एकेक म्हणा: आ, ऊ, ई, म, श, स. मध्ये वेगवेगळा वेळ थांबा, क्रमही बदला. ऐकू आलं की मुलाने वाटीत एक चिंचोका टाकायचा. चिंचोके का, तर ते हाताला लागतात आणि वाटीत पडल्याचा आवाजही येतो. काल स ऐकू येत होता आणि आज येत नसेल, तर नळी, सेल, कानातला मळ या क्रमाने बघा. मळ घरी काडीने काढू नका, डॉक्टरांकडे न्या. सगळं ठीक असूनही फरक राहिला, तर ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे ऐकू येणं तपासणाऱ्या तज्ज्ञाला, हाच बदल सांगा, त्यांना तो उपयोगी पडतो.

चष्मा आणि मशीन दोन्ही एकाच कानामागे बसतात, हे दुकानात कुणी सांगत नाही. जाड काडी मशीनला ढकलते, साचा सैल होतो. काडी पातळ आणि सरळ घ्या, किंवा डोक्यामागून जाणारा लवचीक पट्टा लावा.

घरात उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा शत्रू कूलर. मशीन बोलणं मोठं करतं तसा कूलरचा घरघराटही मोठा करतं. बोलायच्या वेळी दोन मिनिटं कूलर बंद करा आणि मुलाच्या जवळ जा. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो. ओरडण्यापेक्षा हे बरं, ओरडल्याने शब्द वाकडे होतात. घरात अहिराणी बोलत असाल तर ‘जेवाले चाल’ असंच म्हणा, मुलासाठी पुस्तकी मराठी आणू नका. वर्गात त्याला पुढच्या बाकावर, चांगला कान गुरुजींकडे राहील असं बसवा. गुरुजींनी खिडकीला पाठ करून उभं राहू नये, चेहरा काळोखात जातो.

ताटातही दिसण्याचाच प्रश्न असतो. पांढऱ्या दादर ज्वारीची भाकरी चकचकीत स्टीलच्या ताटात मुलाला दिसत नाही. ती गडद रंगाच्या ताटात वाढा. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या काळपट भाकरीला फिकट ताट.

ज्या मुलाला फारच थोडं दिसतं-ऐकू येतं, त्याच्याजवळ अचानक जाऊ नका. आधी खांद्यावर हात ठेवा आणि थोडा वेळ तसाच राहू द्या. आजीने हातातली बांगडी, बाबांनी घड्याळ चाचपडू दिलं की मूल माणूस ओळखतं. आंघोळीआधी तांब्या, बाहेर जाण्याआधी चप्पल हातात द्या. काही दाखवायचं तर त्याचं मनगट ओढू नका, तुमचा हात त्याच्या हाताखाली ठेवा. मग दहा सेकंद थांबा. हे थांबणंच मोठ्यांना सगळ्यात जड जातं.

शेवटची गोष्ट मूकबधिर शाळांतल्या शिक्षकांसाठी. जन्मापासून न ऐकणारं मूल दिवेलागणीला अडखळायला लागलं, उन्हातून घरात आल्यावर बराच वेळ चाचपडलं, किंवा ते मुळात उशिरा, दीड वर्षानंतर चालायला लागलं होतं, तर त्याची डोळ्यांची नुसती अक्षरं वाचून होणारी तपासणी पुरेशी नाही. डोळ्याची बाहुली मोठी करून आतला पडदा तपासून घ्या. अशर सिंड्रोम, म्हणजे बहिरेपणासोबत नजरही जाणारा आनुवंशिक आजार, असला तर नजर हळूहळू, वर्षानुवर्षं कमी होत जाते, आणि सुरुवातीला दिवसा काहीच कळत नाही. जवळच्या नात्यात लग्न झालेल्या घरात याची शक्यता वाढते. गाजर-पालेभाजीने हा रातांधळेपणा जात नाही, पण अ जीवनसत्त्वाची कमतरता आहे की नाही हे डॉक्टर बघतीलच. वर्गात दिव्यांचा पुरेसा प्रकाश आणि पायऱ्यांच्या कडेला पिवळ्या ऑइलपेंटचा पट्टा, ही तयारी निदानाची वाट न बघता करता येते.

दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये बहिरेपण आणि अंधत्व एकत्र असणं ही बहुविकलांगतेत मोजली जाणारी अवस्था आहे. त्यामुळे जिल्हा रुग्णालयात प्रमाणपत्रासाठी जाताना कानाचा आणि डोळ्यांचा, दोन्ही कागद बरोबर न्या, आणि दिव्यांगत्वाच्या कार्डावर दोन्हींची नोंद झाली का ते तिथेच वाचून बघा.