आईनं मोजलेले श्वास

[पडदा काळा. फक्त आवाज : घोरणं, मग शांतता, मग धाप लागल्यासारखा एक मोठा श्वास.]

हे माझे बाबा. रात्री अडीचला आईनं मोबाइलवर रेकॉर्ड केलंय. मधली शांतता पुन्हा एकदा ऐका.

[तोच आवाज पुन्हा.]

22 सेकंद. एवढा वेळ बाबांचा श्वास बंद होता, आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता.

[पहाट. मार्केटमध्ये टोमॅटोचे क्रेट उतरताहेत.]

बाबांचा टेम्पो आहे. संध्याकाळी नारायणगावला टोमॅटो भरायचे, रात्री माळशेज घाट उतरायचा आणि उजाडायच्या आत वाशीच्या मार्केटला गाडी लावायची. असा माणूस घरी येऊन घोरला तर त्याला आजार कोण म्हणेल? "दमलाय गं, गाढ झोप लागलीय," असं आजी म्हणायची. लग्नकार्यात पाहुणे त्यांची गादी मुद्दाम गच्चीत टाकायचे. सगळे हसायचे, बाबाही हसायचे.

आई हसायची नाही, कारण ती जागी असायची. घोरणं थांबलं की ती मनात आकडे मोजायची. पंधराच्या पुढे गेलं की खांदा हलवायची, "अहो, कुशीवर वळा." हे कधीपासून, असं मी विचारलं, तर म्हणाली, "तुझी दहावी होती तेव्हापासून." माझ्या दहावीला तेव्हा 11 वर्षं झाली होती.

दिवसाही खुणा दिसत होत्या, पण आम्ही प्रत्येकीला वेगळं कारण चिकटवलं. सकाळी डोकं जड, तर पित्त. रात्री तीनतीनदा लघवीला उठणं, तर वय. जेवता जेवता डुलकी, तर जागरण. बीपीची एक गोळी पुरेना म्हणून दुसरी सुरू झाली, तरी आकडा खाली येईना.

फेब्रुवारी 2022 मध्ये मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी गेले. बातम्यांत डॉक्टरांनी सांगितलेलं कारण आईनं ऐकलं : ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया. झोपेत श्वास अडकण्याचा आजार. तिनं ते शब्द कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवले. त्याच रात्री तिनं पहिलं रेकॉर्डिंग केलं.

बाबा तरीही दवाखान्यात यायला तयार नव्हते. मग एका पहाटे क्लीनर घरी आला आणि आईला म्हणाला, "काकू, काल ओतूरच्या पुढे गाडी मुरमावर गेली. मी ओरडलो म्हणून काका जागे झाले." बाबांनी घरी यातलं काही सांगितलं नव्हतं.

[पुणे. तपासणीची खोली.]

पुण्यात छातीच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न बाबांना विचारलाच नाही, आईला विचारला : "श्वास थांबलेला तुम्ही पाहिलाय?" आईनं मोबाइल पुढे केला. डॉक्टरांनी रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकलं. इतक्या वर्षांत तिचं म्हणणं कुणी पूर्ण ऐकून घेतलं, ते त्या दिवशी.

मग टेपनं गळ्याचा घेर मोजला, 43 सेंटीमीटर. 40 च्या पुढे धोका वाढतो. तोंड उघडायला लावून बॅटरीनं घसा पाहिला. नंतर एक कागद आला, त्यावर दिवसाच्या झोपेबद्दल 8 प्रश्न. वाचताना डुलकी लागते का? टीव्ही पाहताना? गाडी ट्रॅफिकमध्ये थोडा वेळ थांबली असताना? या शेवटच्या प्रश्नाला बाबांनी ठामपणे "कधीच नाही" सांगितलं.

मी त्यांना दोष देत नाही. ज्याचं पोट स्टिअरिंगवर आहे, तो हे उत्तर सहज देऊ शकत नाही. पण ड्रायव्हर मंडळींनो, डॉक्टरांसमोर तरी खरं सांगा. परतीच्या वाटेवर तुमच्या शेजारी कुणाचा तरी मुलगा क्लीनर म्हणून बसलेला असतो.

[विहीर. मोटर सुरू होते.]

हा आजार बाबांना विहिरीवर कळला. मोटरचा सक्शन पाइप नरम पडला की मोटर जोरात ओढते आणि पाइप आतून चिकटतो. पाणी बंद. आपला घसाही तसाच. जागेपणी स्नायू त्याला ताणून धरतात. झोपेत ते सैल पडतात, जीभ मागे सरकते, वाट अरुंद होते. तिथे हवा फडफडते, ते घोरणं. वाट पूर्ण मिटली आणि 10 सेकंद किंवा त्याहून जास्त श्वास अडला, तो ॲप्निया. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून शरीराला जागं करतो, माणूस धापकन श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी यातलं काही आठवत नाही. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना मात्र प्रत्येक वेळी हिसका बसलेला असतो. दोन गोळ्या घेऊनही बीपी का उतरत नव्हतं, ते तेव्हा उमगलं.

[रात्र. स्लीप लॅब.]

ही तपासणीची रात्र. डोक्याला, डोळ्यांशेजारी, हनुवटीला, पायांना वायरी. छातीला आणि पोटाला पट्टे. नाकाशी नळी, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. सुई कुठेच नाही. बाबा म्हणाले, "एवढ्या वायरींत झोप कुणाला येणार?" आणि दहा मिनिटांत घोरायला लागले. पलीकडच्या खोलीत टेक्निशियन पडद्यावर रेषा पाहत होता. श्वासाची रेषा सपाट व्हायची, आणि थोड्या वेळानं ऑक्सिजनची रेषा उतरायला लागायची. मी ते पाहिलं. पुन्हा पाहण्याची माझी हिंमत नाही.

रिपोर्ट आला. तासाला 48 वेळा श्वास अडकत होता किंवा उथळ होत होता. 5 च्या आत असेल तर ठीक, 30 च्या पुढे तीव्र. ऑक्सिजन 71 टक्क्यांपर्यंत उतरला होता.

बाबा एकटे नाहीत. मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी शहरातल्या मध्यमवयीन पुरुषांची झोप तपासली होती. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 19.5 टक्के पुरुषांचा श्वास झोपेत बिघडत होता. त्यांतल्या किती जणांच्या शेजारी कुणी आकडे मोजत जागं असेल?

उपचार म्हणजे सीपॅप. एक छोटं यंत्र मास्कमधून सतत हवेचा दाब देतं आणि घसा उघडा ठेवतं. पाइपात आतून हवा भरली, की तो चिकटत नाही. 1980 मध्ये सिडनीला डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरून ते पहिल्यांदा जुळवलं. त्याआधी तीव्र रुग्णाच्या गळ्याला भोक पाडून नळी बसवावी लागे.

सगळ्यांनाच यंत्र लागतं असं नाही. त्रास सौम्य असेल तर वजन उतरवणं, कुशीवर झोपणं, दारू बंद करणं किंवा जबडा पुढे धरणारी दातांची पट्टी यांनी भागू शकतं. लहान मुलांत या त्रासामागे पुष्कळदा वाढलेले टॉन्सिल असतात. बाबांना मात्र यंत्रच लागणार होतं.

मास्कसकट खर्च 40 हजारांच्या पुढे गेला. पहिला महिना कठीण होता. नाक कोरडं पडायचं. मिशीतून हवा निसटायची. रात्री दोनला बाबा मास्क ओढून फेकायचे, "जीव घुसमटतो," म्हणायचे. इथेच खूप लोक यंत्र कपाटात ठेवून देतात. आम्ही परत डॉक्टरांकडे गेलो. मास्कचा आकार बदलला, नाकाचा स्प्रे मिळाला, हवा दमट करणारं पाण्याचं भांडं जोडलं. मिशी बाबांनी स्वतःच कातरली. गावात लाइट जाते, म्हणून इन्व्हर्टर घेतला. दीड महिना टेम्पो दुसऱ्या ड्रायव्हरनं चालवला, त्याचे पैसे खिशातून गेले.

यंत्रानं आजार मुळातून जात नाही. एक रात्र मास्क सोडला की श्वास पुन्हा अडकतो. पण आता मोबाइलवर तासाला श्वास अडकण्याचा आकडा 3 च्या आसपास दिसतो. गाडीचं ॲव्हरेज सांगावं तसा बाबा तो रोज सकाळी आईला सांगतात.

[रात्र. खोलीत मंद उजेड. यंत्राचा बारीक सूं आवाज.]

मास्क नीट बसला, त्या पहिल्या रात्री घर इतकं शांत होतं, की आईला झोप येईना. आवाज नाही म्हणजे तिच्यासाठी आकडे मोजायची वेळ. ती उठून बसली. मास्कच्या पुढे बारीक भोकं असतात, सोडलेला श्वास तिथून बाहेर पडतो. तिनं अंधारात त्यांच्यासमोर तळहात धरला.

हवा हाताला लागत होती. तिनं हात बराच वेळ तिथेच ठेवला.