वाटीवरून ओळखा कूळ

(दृश्य : उत्तराखंड, अल्मोड्याजवळचं बिनसर. जंगलातली पायवाट.)

कुमाऊँच्या या डोंगरात दोन हजार मीटरच्या आसपास पायाखाली चुरचुरतो तो पाचोळा बहुधा बांजचा. बांज म्हणजे हिमालयातला ओक. इथले लोक त्याचा पाला गुरांना घालतात, पाचोळा गोठ्यात पसरून त्याचं खत करतात. वाटेवरची कितीतरी झाडं म्हणूनच अशी बोडकी दिसतात.

एक पान उलटं करून बघा. वरून गर्द हिरवं, कडेला करवतीचे दात. खालून मात्र पांढुरकी लव. शास्त्रीय नावातल्या ‘ल्यूकोट्रायकोफोरा’चा अर्थही तोच, पांढरी लव बाळगणारा.

(जवळून : तळहातावर फळ.)

आणि हे फळ. बोराएवढं, गुळगुळीत, बुडाशी खवल्याखवल्यांची वाटी. या वाटीवरूनच कूळ ओळखायचं. फॅगेसी, म्हणजे ओकच्या या वंजु कुलात नऊशेहून अधिक जाती आहेत आणि वाटी सगळ्यांकडे आहे. ओकमध्ये ती बहुधा फळाचं बूडच धरते. चेस्टनटमध्ये काटेरी होऊन फळं पार गिळून टाकते. युरोपातल्या बीचची वाटी पिकल्यावर चार फाकांत उघडते. आत बहुधा दोन तिधारी फळं.

फुलांचं म्हणाल, तर ओकची फुलं समोर असूनही दिसत नाहीत. नरफुलांचे तुरे फांदीवरून लोंबतात, मादीफुलं पानांच्या बेचक्यात टिकलीएवढी. पराग वारा नेतो, मग रंग-गंधाचा खर्च कशाला? बांजचं फळ पिकतं तेही पुढच्या वर्षी.

आपल्या सह्याद्रीच्या रानात हे कूळ नाही. तरी शाळेत त्याची गाठ पडलेली असते. १६६५ साली रॉबर्ट हूकने सूक्ष्मदर्शकाखाली बुचाचा पातळ काप ठेवला आणि त्यात दिसलेल्या कप्प्यांना ‘सेल’ म्हटलं. ते बूच म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका ओकची साल. पोर्तुगालमध्ये ती दर नऊ वर्षांनी सोलतात. झाड उभंच राहतं, नवी साल धरतं.

(दृश्य : पाऊस. उंचावरचं धुकट जंगल.)

बांजच्याही वर खरसू लागतो, तोही ओकच. ओकचं बी आंब्याच्या कोयीसारखं, वाळलं की मेलं. खरसूचं फळ म्हणून ऐन पावसाळ्यात पिकतं. कधीकधी तर झाडावर असतानाच त्याला मोड फुटतो. खाली ओल्या पाचोळ्यात पडतं, तेव्हा टोकातून पांढरं मूळ बाहेर आलेलं असतं.