बाजाराची पिशवी

(दृश्य: आठवडी बाजार. पालं, गर्दी, कपड्यांचा ढीग.)

वर्धा जिल्ह्यातलं एक गाव. आज बाजार. शाम्पूच्या पुड्यांच्या माळा, प्लास्टिकच्या बादल्या, हप्त्यावर मोबाईल. आणि हा टी-शर्टांचा ढीग, पॉलिस्टरचा. भोवती उभे आहेत ते बहुतेक कापूस पिकवणारेच.

कापडी पिशवी घेतलेले हे काकाजी ढिगापाशी थांबत नाहीत. दुकानदार हाक मारतो, "काकाजी, शंभरचे दोन!"

"आहे ना बापा अंगावर एक."

(दृश्य: घरामागची कपाशी, वेचणी.)

अंगावरचा सदरा इथून आला. देशी कपाशीच्या सहा ओळी. मोठ्या वावरात बीटीच आहे, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेली कपाशी. ते काकाजी लपवत नाहीत. 2002 साली बीटीला परवानगी मिळाली. वाण संकरित, म्हणून बियाण्याची थैली दरसाल नवी. या सहा ओळींची सरकी मात्र मडक्यात, राखेत ठेवलेली असते.

(दृश्य: ओसरी. काकू, पाट, कांब. जवळून हात.)

काकूंचे हात बघा. लाकडी पाटावर कापूस, वर लोखंडी कांब. कांब लाटण्यासारखी पुढे रेटली की सरकी टपटप बाहेर पडते. तीन किलो कापसातून रुई निघते जेमतेम किलोभर. सरकी गाईला. मग पिंजण. पिंजणाच्या धनुकलीच्या तातीचा हा आवाज गावात आता याच ओसरीवर ऐकू येतो. पिंजलेल्या रुईचे पेळू वळायचे, बोटाएवढे, ना घट्ट ना सैल. पेळू सैल झाला की कातताना सूत तुटतं आणि काकू स्वतःवरच चिडतात. हजार मीटर सुताची एक गुंडी. एका सदऱ्याला अशा दहा-बारा लागतात, असं त्या सांगतात. विणायला बाहेर द्यावं लागतं. ती मजुरी रोख.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. मगनवाडी, पवनार.)

हा नाद या जिल्ह्याला जुना. 1934 साली वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा तिथल्या मगनवाडीत हाच हिशेब मांडत होते: गावात होणारी वस्तू बाहेरून आली की तिच्याबरोबर गावातलं काम बाहेर जातं. विनोबांनी तर 1950 मध्ये पवनारला पैशावाचून जगून पाहिलं. कांचनमुक्ती म्हणत त्याला. शेतीला बैल नाही, विहिरीचा रहाटही माणसांनीच ओढायचा.

काकाजी हसतात. "तेवढं आपल्याच्यानं होत नाही. मीठ तं लागतेच."

एका घरानं टी-शर्ट घेतला नाही म्हणून कुठली गिरणी बंद पडते, असं विचारणारे पारावर भेटतात. काकाजी त्यांना उत्तर देत नाहीत, बियाण्याच्या थैलीची पावती दाखवतात.

मुलीच्या लग्नात आहेर घेतला नाही, दिला नाही. दोन घरांचं येणं-जाणं तुटलं. मुलगा शहरात असतो, त्याला हे पटत नाही.

(दृश्य: संध्याकाळ. ओसरीवर पिशवी उपडी होते.)

मीठ. काडेपेटी. चुन्याची पुडी. विजेचा एक दिवा.

काकू पिशवी झटकून खुंटीला लावतात.