नवा कॉम्प्युटर घेण्याआधी झाकण उघडा

[पडद्यावर टास्क मॅनेजर, अगदी जवळून]

हे आकडे नीट बघा, कॉम्प्युटरचा कोणता भाग किती कामात आहे ते इथे दिसतं. सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, 12 टक्के. मेमरी, म्हणजे रॅम, 88 टक्के. आणि डिस्क, 100 टक्के. बटण दाबून बराच वेळ झालाय, तरी माउसपाशी ते निळं वर्तुळ फिरतंच आहे. उघडायची आहे फक्त एक फाइल, बचत गटाच्या हप्त्यांची. कॉम्प्युटर ज्यांचा त्या काकू तेवढ्यात चहा टाकायला आत गेल्यात. हे रोजचंच.

दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं: "जुना झालाय, आता नवाच घ्या." पण पडद्यावर दिसतंय ते वेगळंच. प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलाय. सगळं अडलंय ते डिस्कपाशी.

[कॅबिनेट, टेबलाखालून बाहेर ओढताना]

डोंबिवलीच्या या घरातच हा कॉम्प्युटर जोडला गेला, 2013 साली. काकूंच्या मुलाने सुटे भाग आणले ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण पार्ट घ्यायला जाणाऱ्यांच्या तोंडी लॅमिंग्टन रोडच. ग्रँट रोडला उतरायचं, कोटेशनचा कागद हातात धरून दुकानं पालथी घालायची, पाच-पन्नास रुपयांसाठी घासाघीस करायची. त्या काळी कमी बजेटमध्ये हमखास बसणारी जोडी इथेही आहे: इंटेलचा आयथ्री 3220 प्रोसेसर आणि एच61 चिपसेटचा मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात तो बोर्ड. पैसे वाचवले ते रॅममध्ये. 4 जीबीची एकच पट्टी, शेजारचा स्लॉट रिकामा. "पुढे टाकू" म्हणून ठेवलेला तो स्लॉट आजपर्यंत तसाच राहिला.

[झाकण निघतं. धूळ.]

तेव्हा शाळेत असलेली मुलगी आज स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलीय. वायर भिंतीतून काढलेली आहे. त्याच्याही आधी एक काम झालंय, ते विसरू नका: फोटो आणि हिशेबाच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतल्यात. त्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही.

सीपीयूचा पंखा बघा. पात्यांखाली ॲल्युमिनियमच्या चकत्या असतात, त्या दिसतसुद्धा नाहीत. धुळीची जाड गादी बसलीय. वाराच आत जात नसेल तर प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. ब्लोअर मारताना तिने पंखा बोटाने धरलाय, कारण वाऱ्याच्या जोराने तो भन्नाट फिरला तर बेअरिंग जातं.

[चार पिना, एकेक]

इंटेलच्या या पंख्याला चार पिना असतात. वळवायच्या, वर ओढायच्या, पंखा हातात. खालची थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता वर पोचवणारा लेप, वाळून खडूसारखी झालीय. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसली की धातू लखलखतो. नवी पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी, मधोमध. जास्त लावून फायदा काहीच नाही. पंखा परत बसवताना पिना समोरासमोरच्या दाबायच्या, आधी एका कर्णावरच्या, मग दुसऱ्या. "खट्" ऐकू आलं पाहिजे. चारही वेळा.

[रॅमची पट्टी, सोनेरी टोकं]

आता रॅम. जुनी पट्टी काढून तिची सोनेरी टोकं साध्या खोडरबराने घासायची. आपल्याकडचा प्रत्येक मेकॅनिक हे करतो, आणि कितीतरी "डेड" मशीन एवढ्यावर सुरू झालेली असतात. मग रिकाम्या स्लॉटमध्ये दुसरी पट्टी, तशीच: डीडीआर3 प्रकारची, 1600 वेगाची, 4 जीबी.

रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि हार्ड डिस्क म्हणजे माळा. ओटा अपुरा पडला की हातातलं भांडं माळ्यावर ठेवायचं, दुसरं उतरवायचं, पुन्हा पहिलं काढायचं. 4 जीबीत ब्राउझर, अँटिव्हायरस आणि एक्सेल एकदम उघडलं की नेमकं हेच चालू होतं. आणखी एक गोष्ट फार कमी जण सांगतात. एका पट्टीला मेमरीचा वेग सेकंदाला 12.8 जीबीपर्यंत; जोडी लावली की 25.6. इथे वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, पडद्यावर चित्र उमटवायचं कामही याच मेमरीतून होतं. म्हणून त्या रिकाम्या स्लॉटची किंमत दुहेरी.

[हार्ड डिस्क आणि एसएसडी, तळहातावर शेजारी शेजारी]

खरी मेख मात्र इथे आहे. या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला 7200 वेळा फिरते. ऐकायला प्रचंड वाटतं. पण एक फेरी म्हणजे 8.3 मिलिसेकंद, हवी ती जागा वाचणाऱ्या सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी थांबायचं, शिवाय सुई हलायला वेळ. असे विखुरलेले छोटे तुकडे सेकंदाला जेमतेम शंभरेक वाचून होतात. आणि विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे मागत असतं. एसएसडी म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क. तिच्यात तबकडी नाही, सुई नाही, असं थांबणं नाही.

एच61 बोर्डावरचे साटा पोर्ट, म्हणजे डिस्क जोडायच्या जागा, सेकंदाला 3 गिगाबिटचे. आजच्या साटा एसएसडी 6 गिगाबिटच्या. म्हणजे मोठी फाइल हलवताना ही एसएसडी अर्ध्याच वेगाने धावणार. "मग जुन्या बोर्डाला एसएसडी लावून काय उपयोग?" हा प्रश्न तिथूनच येतो, आणि तो चुकीच्या आकड्यावर उभा आहे. रोजच्या वापरात अडतं ते विखुरलेल्या तुकड्यांपाशी, आणि त्यांना 3 गिगाबिट भरपूर झाले.

[बायोसचा निळा पडदा]

बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी चालणारी बोर्डाची सेटिंग. तिथे साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, जुन्या "आयडीई"वर होता. तिने तो नवा "एएचसीआय" केला, आणि तोही नवी सिस्टिम टाकण्याआधी. नंतर बदलला तर विंडोज बहुधा निळा पडदा दाखवून थांबतं.

विंडोज 10चा नेहमीचा मोफत सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025ला संपला. विंडोज 11च्या अधिकृत यादीत हा तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर नाही. प्रोसेसर चालतोय, काम करतोय, पण यादीत नाही म्हणून भंगारात टाका, हे आम्हाला मान्य नाही.

म्हणून पेन ड्राइव्हवरून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टिम चढतेय, तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती. कीबोर्डच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट आहे. हप्त्यांची जुनी फाइल एक्सेलसारख्याच लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडली. रकाने थोडे हलले होते, ते तिने सरळ केले. विंडोजवर चालणाऱ्या टॅलीवर किंवा श्रीलिपीवर ज्यांचं पोट आहे त्यांनी मात्र हा रस्ता घेण्याआधी विचार करावा. आणि "एका क्लिकमध्ये पीसी फास्ट" म्हणणारं एकही सॉफ्टवेअर इथे घातलेलं नाही. घालूही नका. तेच सॉफ्टवेअर चालू होताना डिस्क आणि रॅम खात बसतं.

[घड्याळ कोपऱ्यात. बटण दाबलं जातं.]

कट केलेला नाही. सलग चित्रीकरण आहे.

[काकू, खुर्चीत. ध्वनी: फक्त खोलीतला]

जुन्या हार्ड डिस्कची तपासणी केली, खराब सेक्टर निघाले नाहीत. तीही आतच राहील, फोटोंसाठी. हिशेबाची फाइल मात्र एसएसडीवर, आणि दर शनिवारी तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर.