अंधारात मोजलेला अणू

मँचेस्टर, १९०९. युनिव्हर्सिटीच्या लॅबमधली खोली, मिट्ट काळोख, आणि आत दोघं जण नुसते बसलेत. डोळे अंधाराला सरावायची वाट बघतायत. एक हान्स गायगर, दुसरा अर्नेस्ट मार्सडेन, वय २०, अजून शिकतोच आहे.

समोर झिंक सल्फाइडचा पडदा, त्यावर रोखलेला मायक्रोस्कोप. अल्फा कण (रेडिओअ‍ॅक्टिव्ह पदार्थातून सुसाट सुटणारा बारीक कण) पडद्यावर आपटला की बारीक ठिणगी चमकते आणि लगेच विझते. दिसली की एक, परत दिसली की दोन. बास, हेच काम. त्यांचा बॉस रुदरफोर्ड आदल्या वर्षी असं मोजायला बसला होता, तर दोन मिनिटांत शिव्या घालत उठला, त्यानेच पत्रात लिहिलंय तसं. गायगर मात्र रात्र रात्र मोजायचा.

तेव्हा चालू असलेलं अणूचं मॉडेल थॉमसनचं, १९०४ चं. शाळेत आपण 'प्लम पुडिंग' म्हणून घोकलेलं तेच. (पुडिंग खाल्लं होतं कुणी? शिरा म्हणा की सरळ.) पॉझिटिव्ह चार्जचा शिरा, त्यात इलेक्ट्रॉनचे बेदाणे. आता शिऱ्यात गोळी मारली तर ती आरपारच जाणार ना, फार तर जराशी वाकडी.

तरी रुदरफोर्ड मार्सडेनला म्हणाला, कण उलटे फिरतात का बघ. मग पडदा अशा जागी ठेवला की थेट कण पोचायलाच नकोत, मध्ये शिसं, जे काय येईल ते धातूच्या पत्र्यावरून परत फिरूनच येईल, आणि तरी पडद्यावर ठिणग्या! सोनं, तांबं, अ‍ॅल्युमिनियम, सगळ्यांवरून. प्लॅटिनमचा हिशोब निघाला, साधारण ८००० कणांत एक माघारी.

८००० मधला तो एक कशावर आपटला, हे रुदरफोर्डला कागदावर सोडवायला १९११ उजाडलं. अणूचं जवळपास सगळं वस्तुमान मधल्या इवल्याशा ठिकाणी, तिथेच मोठा चार्ज, बाकी मोकळं. गंमत म्हणजे त्या पेपरात मधला चार्ज पॉझिटिव्ह की निगेटिव्ह हेही त्याने नक्की केलं नव्हतं, गणित दोन्हीकडून जुळत होतं म्हणून. आणि असा अणू क्लासिकल फिजिक्सने, म्हणजे तेव्हाच्या जुन्या नियमांनी, टिकतच नाही, इलेक्ट्रॉन फिरता फिरता आत कोसळायला हवा. ते त्रांगडं १९१३ मध्ये नील्स बोरने अंगावर घेतलं.

गायगरने पुढे १९२८ मध्ये म्युलरबरोबर कण मोजणारी ट्यूब बनवली. ती टिकटिक करते, लाइट चालू असला तरी.